एका माणसाचं गाव आणि जनगणनेतला दुसरा माणूस

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या जनगणनेचे गावनिहाय आकडे बाहेर आले, तेव्हा नेब्रास्का राज्यातल्या मोनोवाय नावाच्या गावाची लोकसंख्या दहा वर्षांत दुप्पट झालेली दिसली. २०१० मध्ये १ होती, २०२० मध्ये २ झाली. मात्र गावात नवीन कुणी राहायला आलं नव्हतं, कुणाचा जन्मही झाला नव्हता. राहतं घर एकच होतं आणि त्यात पूर्वीचीच एक वयस्कर बाई एकटी राहत होती. पत्रकारांनी विचारल्यावर जनगणना ब्युरोने फारसे आढेवेढे घेतले नाहीत. तुम्हाला जो फरक दिसतोय तो आम्हीच मुद्दाम घातलेला आहे, कोण कुठे राहतं हे कळू नये म्हणून, असा त्यांच्या उत्तराचा मतलब होता.

सरकारी खातं स्वतःहून चुकीचा आकडा छापतं आणि वर तसं सांगतं, हे ऐकायला विचित्र वाटतं. त्यामागे कायदा आहे, गणित आहे आणि पुष्कळ भांडणही आहे. पण आधी हे गाव काय आहे आणि एका माणसावर कसं आलं, ते पाहायला हवं.

मोनोवाय कुठे आहे?

अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातल्या बारा राज्यांना मिळून मिडवेस्ट म्हणतात. त्यांपैकी नेब्रास्काच्या उत्तर टोकाला बॉइड काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण आकाराने तालुक्याएवढा. बॉइडचं क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौरस किलोमीटर आणि २०२० ची लोकसंख्या १,८१०. एका चौरस किलोमीटरला सव्वा माणूस पडतो. महाराष्ट्रात २०११ साली हाच आकडा ३६५ होता.

मोनोवाय या काउंटीच्या पूर्व भागात, राज्य महामार्ग क्रमांक १२ वर आहे. दक्षिणेला नायोब्रारा नदी, पूर्वेला आणि ईशान्येला मिसुरी, दोन्हींच्या मध्ये पॉन्का क्रीक नावाचा ओढा. दक्षिण डकोटा राज्याची हद्द वीस किलोमीटरच्या आत येते. ओमाहा हे मोठं शहर मात्र सुमारे ३०० किलोमीटर दूर. गावाच्या हद्दीतली एकूण जमीन अर्ध्या चौरस किलोमीटरहून किंचित जास्त, म्हणजे १३५ एकरांच्या आसपास.

प्रदेश गवताळ टेकड्यांचा आहे. वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतं. ही सरासरी फसवी असते. चांगल्या वर्षी मका उत्तम येतो, वाईट वर्षी गुरांना गवतसुद्धा पुरत नाही. पाणी आलं तर तेही एकदम येतं. मार्च २०१९ मध्ये वादळी पाऊस आणि वितळता बर्फ यांचा लोंढा आला, तेव्हा मोनोवायच्या वरच्या अंगाला नायोब्रारावर असलेलं १९२७ चं स्पेन्सर धरण बर्फाच्या लाद्यांसकट वाहून गेलं.

गाव वसलं कसं?

या जमिनीवर आधी पॉन्का या मूळ रहिवासी जमातीचे लोक राहत होते. १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहात अमेरिकी सरकारने पॉन्कांची जमीन चुकून सू या दुसऱ्या जमातीच्या नावे लिहून दिली. ती चूक दुरुस्त करायची सोडून १८७७ मध्ये पॉन्कांनाच तिथून हलवलं आणि दक्षिणेला आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. त्या स्थलांतरात बरेच जण दगावले. मेलेल्या मुलाचं दफन वाडवडिलांच्या भूमीत करायचं म्हणून पॉन्का प्रमुख स्टँडिंग बेअर परत निघाले आणि वाटेत पकडले गेले. १८७९ मध्ये ओमाहाच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मूळ रहिवासी हा कायद्याच्या नजरेत ‘व्यक्ती’ आहे, हे तिथल्या एका संघीय न्यायाधीशाने मान्य केलं ते त्या निकालात. १८८२ मध्ये हा पट्टा डकोटा प्रदेशातून काढून नेब्रास्काला जोडला गेला आणि १८९१ मध्ये त्याची बॉइड काउंटी झाली.

मग वसाहतवाले आले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं जमीन कसणाऱ्याला १६० एकर जवळपास फुकट मिळत होती. हा १६० चा आकडा मोजणीच्या पद्धतीतून आला आहे. या सगळ्या भागात जमीन एक मैल बाय एक मैल अशा चौकोनांत आखलेली. एक चौकोन ६४० एकरांचा आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे एका कुटुंबाची जमीन. असे ३६ चौकोन मिळून एक टाउनशिप. आजही विमानातून खाली पाहिलं तर रस्ते पट्टीने आखल्यासारखे दिसतात ते यामुळेच. आपल्याकडे शेतं आधी झाली आणि बांध वाटण्यांनुसार पडत गेले. तिकडे रेघा आधी मारल्या, माणसं नंतर आली.

अशा विखुरलेल्या शेतकऱ्यांना बाजारगाव हवं होतं आणि रेल्वे कंपनीला माल हवा होता. फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिसुरी व्हॅली या कंपनीने १९०२ मध्ये लोहमार्ग इथवर आणला आणि त्याच वर्षी मोनोवायचे प्लॉट पाडले गेले, टपाल कार्यालयही त्याच वर्षी उघडलं. व्हर्डेल, मोनोवाय, लिंच, ब्रिस्टो, स्पेन्सर अशी या मार्गावरची गावं एकामागोमाग येतात आणि त्यांतलं अंतर थोड्याच मैलांचं आहे. धान्याने भरलेली घोडागाडी सकाळी निघून, माल उतरवून, दिवस मावळायच्या आत घरी परत यायला हवी, या हिशोबाने अशा मार्गांवर स्थानकं ठेवली जात. वाफेच्या इंजिनाला पाणीही वरचेवर लागे.

म्हणजे मोनोवायचं अंतर, जागा आणि आकार सगळं घोड्याच्या चालीवर बेतलेलं होतं. पुढे घोडाच गेला.

दीडशेवरून एकावर

१९३० च्या दशकात, भरभराटीच्या काळात, गावात दीडशेच्या आसपास माणसं होती. किराणा दुकानं, शाळा, चर्च, टपाल, स्थानक असं सगळं होतं. नंतरचे जनगणनेचे आकडे असे: १९८० मध्ये १८, १९९० मध्ये ६, २००० मध्ये २, २०१० मध्ये १. शेवटचे दोघं नवरा-बायको. २००४ मध्ये नवरा वारला.

याला कुठली एक आपत्ती जबाबदार धरता येत नाही. दुष्काळाने आणि मंदीने १९३० च्या दशकात पहिला दणका दिला हे खरं, पण दुष्काळ सरल्यावरही माणसं जातच राहिली. मुख्य कारण शेतीचा आकार. ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रामुळे एक कुटुंब १६० एकरांऐवजी हजार एकर कसू लागलं. यंत्राचं कर्ज फेडायचं तर जास्त जमीन लागते, म्हणून शेजाऱ्याची विकत घेतली जाते आणि शेजारी गाव सोडतो. नेब्रास्कात १९३० च्या दशकात सव्वा लाखाहून जास्त शेतकरी घटक होते. २०२२ च्या कृषी गणनेत सुमारे ४४ हजार उरले होते आणि सरासरी शेत जवळपास हजार एकरांचं झालं होतं. जमीन तेवढीच, पीक उलट वाढलेलं, कुटुंबं मात्र एक तृतीयांश.

कुटुंबं घटली की आधी दुकान बसतं, मग टपाल, मग शाळा. मोनोवायचं टपाल कार्यालय १९६७ मध्ये बंद झालं, शाळा १९७४ मध्ये. शाळा गेली की पोरं असलेलं कुटुंब तिथे थांबत नाही, आणि मग उरते ती फक्त म्हाताऱ्यांची संख्या. ती एकाच दिशेने जाते. मोटारीने उरलेसुरलेही पळवले. पक्क्या रस्त्याने वीस-तीस मैलांवरचं मोठं दुकान अर्ध्या तासावर आलं, तेव्हा सहा मैलांवरच्या छोट्या दुकानाकडे कोण जाणार? संपूर्ण बॉइड काउंटीचीच ही गत आहे. १९१० मध्ये तिथे ८,८०० च्या आसपास लोक होते, म्हणजे २०२० च्या जवळपास पाचपट. त्याच काउंटीतल्या ग्रॉस नावाच्या गावात २०१० साली दोनच माणसं नोंदली गेली.

एकच माणूस असताना त्याला गाव का म्हणायचं?

हा प्रश्न बहुतेक सगळ्यांना पडतो. नेब्रास्काच्या कायद्यात ‘व्हिलेज’ हा नगरपालिकेचा सर्वांत लहान प्रकार आहे. १०० ते ८०० वस्ती असेल तर तो स्थापन करता येतो, ८०० च्या वर गेलं की दुसऱ्या वर्गाचं शहर होता येतं. कारभार पाच जणांच्या विश्वस्त मंडळाकडे असावा अशी मूळ कल्पना. पण शंभराची अट जन्माच्या वेळची आहे. वस्ती शंभराखाली उतरली म्हणून गावाची सनद आपोआप रद्द होत नाही. ती काढून घ्यायला वेगळी कायदेशीर प्रक्रिया लागते. नेब्रास्कातल्याच सेनेका या गावाने २०१४ मध्ये मतदान घेऊन आपलं गावपण मोडीत काढलं आणि कारभार काउंटीकडे गेला.

मोनोवायने तसं केलं नाही. म्हणून तिथली एकमेव रहिवासी बाई महापौरही आहे, कारकूनही आणि खजिनदारही. गावातलं एकमेव मद्यालय ती चालवते, त्याच्या परवान्याच्या कागदावर मालक म्हणून आणि गाव म्हणून दोन्हीकडे तीच. गावाचा कर ती स्वतःवरच बसवते आणि स्वतःच भरते. दरवर्षी रस्त्यांचा आराखडा करून राज्याकडे पाठवते, कारण तो पाठवला तरच चार पथदिव्यांसाठी राज्याचा निधी मिळतो. नवऱ्याच्या आठवणीसाठी सुरू केलेलं सुमारे ५,००० पुस्तकांचं ग्रंथालयही आहे.

हे सगळं गमतीचं म्हणून जगभर छापून आलं. पण त्यात व्यवहार आहे. सनद गेली असती तर दिव्यांचा आणि पाण्याचा निर्णय काउंटीच्या कचेरीत झाला असता, आणि एका घरासाठी चार दिवे चालू ठेवायला काउंटीने का खर्च केला असता?

मग २०२० मध्ये दोन कुठून आले?

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते, १७९० पासून. संसदेच्या जागा राज्यांत वाटायला ती लागते, म्हणून ती थेट राज्यघटनेतच लिहिलेली आहे. आणि एक कायदा असा आहे की जनगणनेतून मिळालेली माहिती अशा रीतीने प्रसिद्ध करायची नाही, की एखाद्या व्यक्तीची ओळख पटेल. मोडणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. मूळ घरोघरचे अर्ज ७२ वर्षांनीच खुले होतात. १९५० चे अर्ज एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले.

आता मोनोवायचा विचार करा. जनगणना फक्त डोकी छापत नाही. वय, लिंग, वंश, घर स्वतःचं की भाड्याचं, असे तक्तेही छापते. गावात एकच माणूस असेल तर त्या गावाचा तक्ता म्हणजे त्या माणसाने भरलेला अर्ज. वेगळी हेरगिरी करायची गरजच उरत नाही.

१९९० पासून २०१० पर्यंत यावर ‘अदलाबदल’ हा उपाय होता. ओळख पटण्याचा धोका असलेलं एखादं कुटुंब निवडायचं आणि जवळपासच्या भागातल्या मिळत्याजुळत्या कुटुंबाशी कागदावर त्याची जागा बदलायची. त्यात माणसांची एकूण संख्या बदलत नसे. म्हणून २०१० चा ‘१’ खराखुरा १ होता. २०२० ला पद्धत बदलली आणि एकूण संख्याही हलवायची असं ठरलं.

जुनी पद्धत का सोडली?

संगणक स्वस्त झाले म्हणून. एक लहान उदाहरण घेऊ, आकडे काल्पनिक आहेत. एका गल्लीबद्दल सरकारने चारच गोष्टी छापल्या: माणसं तीन, सरासरी वय २६, वयांच्या क्रमात मधला माणूस ३६ वर्षांचा, प्रौढ दोन आणि त्यांचं सरासरी वय ३७.

सरासरी २६ म्हणजे तिघांच्या वयांची बेरीज ७८. प्रौढांची सरासरी ३७ म्हणजे दोघांची बेरीज ७४. म्हणून मूल ४ वर्षांचं. उरलेल्या दोघांपैकी मधला ३६, म्हणून दुसरा ३८. नाव-गाव न छापता तिघांची वयं उघडी पडली. याला पुनर्रचना म्हणतात. एका गल्लीसाठी हे पाच मिनिटांचं काम आहे; संगणक तेच कोट्यवधी समीकरणांवर करतो.

ब्युरोने हा प्रयोग आपल्याच २०१० च्या छापील तक्त्यांवर करून पाहिला. देशातल्या ४६ टक्के लोकांचं वय, लिंग, वंश आणि राहण्याचा ब्लॉक तंतोतंत जुळला. ब्लॉक म्हणजे जनगणनेचा सर्वांत छोटा तुकडा, शहरात एखादी गल्ली, खेड्यात काही शेतं. मग ही माहिती बाजारात विकत मिळणाऱ्या नाव-पत्त्यांच्या याद्यांशी ताडून पाहिली तेव्हा १७ टक्के लोकांची, म्हणजे पाच कोटींहून जास्त माणसांची ओळख खात्रीने पटली. या आकड्यांवर काही लोकसंख्याशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. नुसत्या अंदाजानेही बऱ्याच जागी बरोबर उत्तर येतं असं त्यांचं म्हणणं. आक्षेपात तथ्य आहे, पण छोट्या गावांच्या बाबतीत तो लंगडा पडतो. तिथे अंदाज करावाच लागत नाही.

आकडा हलवतात कसा?

नव्या पद्धतीचं नाव डिफरेन्शियल प्रायव्हसी. मूळ गणित २००६ मध्ये चार संगणकशास्त्रज्ञांनी मांडलं. कल्पना अशी: एखादा माणूस यादीत असला काय आणि नसला काय, छापून येणारं उत्तर इतकं सारखं दिसलं पाहिजे, की पाहणाऱ्याला तो होता की नव्हता हे ठामपणे सांगता येऊ नये. त्यासाठी प्रत्येक आकड्यात एक छोटी यादृच्छिक संख्या मिळवायची, कधी अधिक, कधी उणे. या मिसळीला इथे गोंधळ म्हणू.

प्रत्यक्षात हे टप्प्याटप्प्याने होतं. देश, राज्य, काउंटी, ट्रॅक्ट (काउंटीचा एक भाग), ब्लॉकगट (काही ब्लॉकांचा समूह) आणि ब्लॉक अशी उतरंड असते. प्रत्येक पायरीवरच्या आकड्यांत गोंधळ मिसळतात. आता खालच्या पायरीची बेरीज वरच्या पायरीशी जुळेनाशी होते, म्हणून वरून खाली येत पुन्हा जुळवून घेतात. याच टप्प्यावर आणखी दोन अटी पाळाव्या लागतात: माणसं अपूर्णांकात नकोत आणि ऋणही नकोत.

ही शेवटची अट वाटते तेवढी निरुपद्रवी नाही. शेजारशेजारचे पाच ब्लॉक घ्या, खरी संख्या १, ०, ४, ०, ३. त्यांत अनुक्रमे +१, −२, −१, +१, −१ असा गोंधळ आला तर उत्तर येतं २, −२, ३, १, २. उणे दोन माणसं छापता येत नाहीत, तिथे ० धरावं लागतं. मूळ बेरीज ८ होती, गोंधळानंतर ६, आणि उणे काढून टाकल्यावर परत ८ झाली. म्हणजे ऋण आकडा पुसला की बेरीज वर सरकते, आणि वरच्या पायरीशी मेळ घालायला तेवढी कपात दुसरीकडून करावी लागते. ती कपात सहसा भरलेल्या ब्लॉकांना बसते. परिणाम असा की अगदी रिकाम्या जागा थोड्या फुगतात आणि दाट वस्तीच्या थोड्या आटतात. एका माणसाचं गाव दोनचं होणं या स्वभावाला धरूनच आहे.

गोंधळ किती घालायचा हे एका बजेटने ठरतं; हे बजेट पैशांचं नव्हे, गोपनीयता किती खर्ची घालायची त्याचं. बजेट मोठं असेल तर गोंधळ कमी, अचूकता जास्त, गोपनीयता कमी. जून २०२१ मध्ये ब्युरोने मतदारसंघ आखण्यासाठीच्या तक्त्यांना माणसांकरता १७.१४ आणि घरांकरता २.४७ असं बजेट ठरवलं. हे आकडे सढळ आहेत. कट्टर गोपनीयतावाद्यांना ते फारच सैल वाटतात.

तीन गोष्टींना मात्र हात लावलेला नाही. राज्याची एकूण लोकसंख्या, प्रत्येक ब्लॉकमधली घरांची संख्या आणि वसतिगृहं, तुरुंग, वृद्धाश्रम अशा सामूहिक निवासांची संख्या व प्रकार. संसदेच्या जागा राज्याच्या एकूण आकड्यावर ठरतात, त्यामुळे नेब्रास्काच्या वाट्याला मोनोवायच्या दुसऱ्या माणसामुळे काही जास्त आलं नाही.

पण ती बाई तर जगाला माहीत आहे, मग लपवता काय?

खरं आहे, मोनोवायच्या बाबतीत लपवण्यासारखं फार काही उरलेलं नव्हतं. पण गणिताला वर्तमानपत्र वाचता येत नाही. कोण प्रसिद्ध आणि कोण नाही हे बघून सूट द्यायची तर ज्याला सूट नाही तो आपोआप उठून दिसेल. शिवाय आज एखादी गोष्ट उघड आहे म्हणून उद्याची दुसरी उघड करायचा हक्क मिळत नाही. तिचं नाव लोकांना माहीत आहे, पण अर्जात तिने वंश काय लिहिला, घर कर्जावर आहे की नाही, हे तिने कुणाला सांगितलं असेलच असं नाही.

सरकारने खोटा आकडा छापायचा, हे कसं चालतं?

हा आक्षेप जास्त वजनदार आहे. अलाबामा राज्य याच मुद्द्यावर मार्च २०२१ मध्ये न्यायालयात गेलं. जूनमध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्यांची मागणी नाकारली आणि आकडे ठरल्याप्रमाणे निघाले.

गोंधळाचा आकार माणसांच्या संख्येवर अवलंबून नसतो, ही त्यातली गोम आहे. कांद्याच्या ट्रकच्या वजनात दोन किलोचा फरक पडला तर कुणी विचारत नाही, तेच दोन किलो अडीच किलोच्या पिशवीत कमी भरले तर भांडण होतं. काउंटीच्या किंवा शहराच्या आकड्यात हा फरक नगण्य असतो. शंभर वस्तीच्या गावात पाच-दहा माणसांचा फरक पडला तर मात्र लोकसंख्येच्या हिशोबाने मिळणारा निधी, पाणीयोजनेची पात्रता, रस्त्याचा वाटा या सगळ्याला तो भिडू शकतो. मूळ रहिवाशांच्या कित्येक आरक्षित वस्त्या अशाच छोट्या असतात आणि त्यांच्याकडूनही तक्रारी आल्या. माझ्या मते गोपनीयतेची गरज खरी आहे, पण तिची किंमत छोट्या वस्त्यांनीच मोजायची हा हिशोब न्याय्य वाटत नाही.

दुरुस्ती मागता येते का? येत होती, पण वेगळ्या कारणांसाठी. जानेवारी २०२२ ते जून २०२३ या काळात स्थानिक संस्थांना आकड्यावर हरकत घेता येत होती. हद्द चुकीची धरली, घरं शेजारच्या गावात मोजली, अशा चुका त्यात बसत. मुद्दाम मिसळलेला गोंधळ काढून द्या, अशी हरकत बसत नसे. तो काढला तर सगळी व्यवस्थाच निकामी होते, कारण खरा आणि छापील आकडा शेजारी ठेवले की मिसळ किती होती ते कळतं.

आपल्याकडे काय होतं?

भारताच्या १९४८ च्या जनगणना कायद्यातही गुप्ततेचं कलम आहे. कलम १५ नुसार जनगणनेच्या नोंदी कुणाला पाहता येत नाहीत आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. पण हे संरक्षण अर्जाला आहे. गावनिहाय प्राथमिक गोषवारा तर दर वेळी छापला जातो, त्यात अगदी छोटी गावंही असतात. पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, अनुसूचित जाती, जमाती, शेतकरी, शेतमजूर असे रकाने. पाच माणसांच्या गावाची ती ओळ वाचली की जवळपास सगळ्या घराची माहिती कळते.

अशी गावं थोडी नाहीत. २०११ मध्ये देशातल्या सुमारे ६ लाख ४० हजार महसुली गावांपैकी ४० हजारांहून जास्त बेचिराग निघाली, म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात नाव आणि नकाशा आहे, राहतं माणूस नाही. बेचिराग होण्याच्या वाटेवर, चार-दोन घरांवर आलेली गावं त्याहून वेगळी. २०२७ ची जनगणना प्रथमच मोबाइलवरून भरली जाणार आहे आणि काही बर्फाळ प्रदेश सोडले तर तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. माहिती डिजिटल झाली की वेगवेगळ्या याद्या एकमेकींशी ताडणंही सोपं होतं, तेव्हा हा प्रश्न आपल्याही दारात येणारच.

२०२० चे अमेरिकी आकडे वाचायचे कसे?

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावाबद्दल लिहायचं असेल, तिथे जागा घ्यायची असेल किंवा नुसतं कुतूहल असेल, तर काही गोष्टी पाळाव्यात. एकट्या ब्लॉकच्या आकड्यावर काहीच बांधू नये. पाच-दहा ब्लॉक एकत्र करावेत, म्हणजे अधिक-उणे बरंचसं कटतं. माणसांच्या आकड्याशेजारी घरांचा आकडा ठेवून पाहावा, कारण तो हलवलेला नाही. घरं सगळी रिकामी पण माणसं चार, किंवा घरं दहा आणि सगळी मुलंच, असं दिसलं तर तो गोंधळाचा प्रताप समजावा. घर रिकामं की राहतं, हा रकाना मात्र हलवलेल्यांपैकी आहे, त्यावर विसंबू नये. आणि २०१० व २०२० ची तुलना करून वाढ किंवा घट टक्क्यांत सांगायची तर निदान काही शे वस्तीच्या गावापासून पुढेच सांगावी. त्याखाली टक्केवारीला अर्थ राहत नाही. मोनोवायची लोकसंख्या शंभर टक्क्यांनी वाढली हे वाक्य जनगणनेच्या तक्त्यानुसार बिनचूक आहे.